वॉर्म-अप आणि पुल-अपबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की तासाच्या बॅचमधली २० मिनिटं वॉर्म-अपमध्येच जातात, महिना झाला तरी बारला नुसतं लटकायला लावतात, पुश-अप अजून बाकावर हात टेकूनच चालू आहेत आणि तुमचा मित्र दुसऱ्या जिममध्ये पहिल्याच आठवड्यात पुल-अप मारायला लागला. तुम्ही नेमाने येता, मनापासून घाम गाळता. तुमची तळमळ मला दिसते. तरीही ही पद्धत मी बदलणार नाही. का, ते इथे सगळ्यांसमोर सांगतो.

संध्याकाळच्या बॅचला येणारी बरीच मंडळी दिवसभर हिंजवडी-खराडीत खुर्चीवर बसून आलेली असतात. पुश-अपमध्ये मनगट जवळपास काटकोनात मागे वळतं आणि शरीराचं निम्म्याहून जास्त वजन हातांवर येतं. दिवसभर कीबोर्डवर असलेल्या मनगटाला याची सवय नसते. म्हणून आधी मनगटं, मग खांद्याची पाती, मग श्वास थोडा वाढेपर्यंत बैठका आणि शेवटी मुख्य व्यायामाचाच सोपा प्रकार. अंग तापलं की स्नायू चटकन आणि जोरात आकसतात. एकाच जागी मिनिटभराहून जास्त धरलेला ताण मात्र थोडा वेळ ताकद कमी करतो, म्हणून तसं स्ट्रेचिंग आम्ही शेवटी ठेवतो. डिसेंबरात सकाळी सहाच्या बॅचला तर वॉर्म-अप आणखी लांबतो, आणि लांबायलाच हवा.

आता पुल-अप. महिन्याभरात ताकद वाढल्यासारखी वाटते, ती खरोखरच वाढलेली असते. पण सुरुवातीच्या आठवड्यांत ती बरीचशी मज्जासंस्थेची असते: आहे तोच स्नायू जास्त चांगला वापरायला शरीर शिकतं. स्नायू भरतो त्यानंतर. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा त्याहूनही सावकाश मजबूत होतो, त्याला महिने लागतात. या मधल्या काळात हौसेनं बारवर ओढाताण केली की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, आणि ते दुखणं लवकर जात नाही. असं कोपर घेऊन आमच्याकडे आलेल्या तरुणांना भरलेली बादली उचलतानाही कळ येते. ते पाहिल्यावर मला घाई करवत नाही.

पुण्यातल्या तालमींतही नवा पोरगा थेट कुस्तीला उतरत नाही. आधी हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका वाढवत न्यायच्या, मग डाव. वस्ताद उगाच थांबवत नाहीत.

आमच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बारला ३० सेकंद स्थिर लटकता आलं की हात सरळ ठेवून फक्त पाती खाली ओढायची, ८ चे ३ सेट. मग स्टुलावरून हनुवटी बारच्या वर नेऊन ५ सेकंदांत सावकाश खाली यायचं, ५ चे ३ सेट. इथवर आलेल्याला पुल-अप फार लांब नसतो. पुश-अपचंही तसंच: कंबर न झुकवता १२ चे ३ सेट लागोपाठ दोन दिवस झाले की बाकाची उंची कमी. उंची आणि आकडा एकाच दिवशी बदलत नाही.

तुमच्या मित्राचं वजन कमी असेल, अंगात आधीचा खेळ असेल, तर त्याला पहिल्या आठवड्यात जमूही शकतं. पण झोका घेऊन मारलेला पुल-अप आम्ही मोजत नाही.

येत्या शनिवारी बॅचच्या १५ मिनिटं आधी या. वॉर्म-अप करून घेऊ आणि मी स्वतः बारपाशी उभा राहून पहिल्या दोन पायऱ्या तपासतो. जमल्या तर सावकाश खाली येण्याचा सराव त्याच दिवशी सुरू करू. आणि ही पद्धत पटतच नसेल, तर काउंटरवर सांगा, उरलेल्या महिन्यांची फी परत मिळेल.


– संचालक