अर्ज लिहायलाही पैसा लागतो

संशोधन निधीचा प्रस्ताव तयार करण्यासाठीच नवउद्योगांना छोटं अनुदान द्यावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. अमेरिकेत काही राज्यं एसबीआयआर या छोट्या उद्योगांसाठीच्या केंद्रीय संशोधन निधीच्या अर्जासाठी 'फेज झिरो' म्हणून असा पैसा देतात. आपल्याकडे निधी-प्रयास या केंद्र सरकारच्या योजनेतून उत्पादनाचा पहिला नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, पण तिथवर पोचायचं कसं? माझा भाऊ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या) वाळूतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवतोय. वाळूच्या चाचण्या, पेटंटचा शोध, सीएची फी, सगळी पदरमोड. दोन महिने हातातली कामं सोडून अर्ज लिहिला, तो 'प्राथमिक माहिती अपुरी' म्हणून परत आला. तेव्हा पन्नास हजार जरी असते तरी चाचण्या पुऱ्या झाल्या असत्या! कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी डोकी खूप आहेत हो, फक्त इंग्रजीत प्रस्ताव मांडताना अडतात.