अँटेना भिंतीकडे तोंड करून

जुन्या डेस्कटॉपचं काहीही दुखलं तरी घरात निदान एकच होतं: वय झालं त्याचं. आवाज येतो, वय झालं. वायफाय लागत नाही, वय झालं. वर पुरावाही तयार असतो, की त्याच टेबलावर मोबाइलला सगळ्या कांड्या दिसतात.

अहो, मोबाइल हातात मोकळ्या हवेत असतो. डेस्कटॉपमधल्या वायफाय कार्डाची अँटेना कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून उभी असते, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. मध्ये पत्र्याचा अख्खा डबा. पत्र्यातून लहरी आरपार जात नाहीत, भिंतीवर आपटून जे काही मागे पोचेल तेवढंच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की स्क्रूड्रायव्हर शोधण्याआधी कॅबिनेट हातभर पुढे ओढावं आणि तिरपं करावं. कांड्या वाढल्या तर कार्ड निर्दोष आहे. वायर असलेली, चुंबकी बैठकीची अँटेना आणून टेबलावर ठेवली की काम झालं. ती घेताना जोड मात्र बघावी. बहुतेक कार्डांवर आरपी-एसएमए असतो: कार्डाच्या बाजूला मधोमध पिन, अँटेनाच्या बाजूला भोक. साध्या एसएमएत हे नेमकं उलटं. चुकीची आणली तर दोन पिना समोरासमोर येतात, आणि आपण ‘आटे घट्ट आहेत’ म्हणून पक्कड आणतो. पक्कड आणू नये. हा जोड बोटांनीच आवळायचा असतो.

पाठीमागे गेलोच आहोत तर अँटेनाशेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात हार्ड डिस्क लावलीय का, तेही बघावं. या पोर्टाचा आणि त्याच्या वायरीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो. फाइल कॉपी व्हायला लागली की नेट मान टाकतं आणि कॉपी संपली की शहाण्यासारखं परत येतं. लोक यासाठी विंडोज नव्याने टाकतात. डिस्क कॅबिनेटच्या समोरच्या पोर्टात लावून आधी बघायला काय हरकत आहे?

आता ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम. ही तर निव्वळ थट्टा आहे. नेट चालायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट. यावर उतारा म्हणजे मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करणे, म्हणजे मोबाइलचं नेट संगणकाला देणे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या भागांच्या यादीत, पिवळा त्रिकोण आणि कोड २८ दिसला तर ड्रायव्हरच नाही. कोड २२ म्हणजे कुणीतरी कार्ड बंद करून ठेवलंय, आणि हा ‘कुणीतरी’ कधीच सापडत नाही. कार्डाचं नाव माहीत नसलं तर त्याच यादीत कार्डाच्या गुणधर्मांमध्ये (प्रॉपर्टीज) हार्डवेअर आयडी असतो. त्यातली ‘VEN_’ नंतरची चार चिन्हं चिप बनवणाऱ्याची: ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक. खोक्यावरच्या नावापेक्षा यावर विश्वास ठेवावा. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळी चिप असू शकते. तिथेच पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढून टाकावी. नाहीतर आपण चहा घेऊन येईपर्यंत कार्ड झोपतं आणि हाका मारल्या तरी उठत नाही.

शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त आपलंच नाही? राउटर ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि कार्डाला फक्त २.४ कळतं. किंवा राउटर १२-१३ व्या चॅनलवर बसलाय आणि कार्ड ११ पर्यंतच मोजतं. राउटरला १, ६ किंवा ११ वर आणावं. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी नाही म्हणतं? राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतीवर असेल. ही पद्धत २०१८ ची, कार्ड त्याआधीचं, त्यामुळे दोघांची भाषाच वेगळी. डब्ल्यूपीए२ चालू केलं की बोलणी सुरू होतात. जोडलं गेलं पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? राउटरने पत्ता दिला नाही म्हणून संगणकाने स्वतःच स्वतःला दिलाय.

वायफाय जोडलेलं, पण एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, असं झालं तर घड्याळ बघावं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की भिंतीवरचं बटण बंद करताच संगणक भूतकाळात जातो, आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याच्या दृष्टीने अजून जन्मलेलीच नसतात.

एवढं करूनही कार्ड दिसतच नसेल तर कॅबिनेट उघडायचं. प्लग काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवायची, आतल्या पत्र्याला हात लावायचा. कार्ड सरळ वर ओढायचं. सोनेरी दातांवर काळपट डाग असतील तर स्वच्छ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा आणि चुरा झटकायचा, स्लॉटमध्ये नव्हे, बाहेर. परत बसवताना खरी गंमत होते. मागचा स्क्रू पिळला की पट्टी पत्र्याकडे ओढली जाते आणि कार्डाचं आतलं टोक केसभर वर उचललं जातं. वरून बसल्यासारखं दिसतं, पण शेवटचे दोन-तीन दात हवेत. स्क्रू पिळताना ते टोक अंगठ्याने दाबून धरावं. तरीही नाही, तर दुसरा स्लॉट.

मग कार्ड दिसतं, नेट चालतं, झाकण लागतं. आणि कॅबिनेट टेबलाखाली ढकलताना मागून हलकासा टक् असा आवाज येतो. अँटेना भिंतीला टेकलेली असते.