मॅडम, पीडीएफ टाका ना जी!

फळा पुसायला डस्टर उचललं की मागून आरोळी, 'थांबा मॅडम, फोटो काढायचा राहिला!' वही? ती काय असते?

मार्च 2020 मध्ये कॉलेजला कुलूप लागलं आणि आम्ही रातोरात झूमवाले झालो. नागपूरचा मे महिना, पारा 45च्या आसपास, कूलरची घरघर माइकमध्ये नको म्हणून तो बंद. घाम पुसत साठ काळ्या चौकोनांना शिकवलं. 'आवाज येतोय का?' विचारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. उत्तरादाखल कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. हजेरी मात्र शंभर टक्के! एक हजर पोरगा तर सीताबर्डीच्या बाजारात चपलांचा भाव करत होता. माइक सुरू राहिला म्हणून कळलं. (भाव चांगला पाडला होता.)

बरं, तेव्हा इलाज नव्हता. पण साथ गेली, ही खोड काऊन नाही गेली? आताची पोरं तर तेव्हा शाळेत होती! मी समोर उभी, तरी 'मॅडम, लेक्चरची लिंक आहे का?' अरे, मीच लिंक आहे ना बे!

पोरांना काय बोलता? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये 40 टक्के ऑनलाइन शिकवण्याचा मसुदाच काढला होता. आणि आमचे साहेब? भिंतीपलीकडच्या केबिनमधून गूगल मीट घेतात. रविवारी. रात्री नऊला. पहिलं वाक्य, 'माझा आवाज येतोय का?'

येतोय ना साहेब. भिंतीतून!