१०० सीसीवाल्यांनो, हायवे आपल्या बापाचाच आहे

काय भो, नवीन गाडी घेतली म्हणे? नारळ फोडला, हँडलला गोंडा बांधला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले? झालं तर मग, काढा हायवेवर. सल्ला द्यायला मी बसलोय. अकरा वर्षं झाली, एरंडोल ते जळगाव रोज जाऊन येऊन करतो, तीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहायला, तेही असल्याच १०० सीसीच्या गाडीवर. त्यामुळे अधिकार आहे. शिवाय मागच्या मंगळवारपासून गुडघ्याला पट्टी बांधून घरी बसलोय, वेळच वेळ आहे.

पहिलं काम, आरसे काढून टाका. मागून कोण येतंय ते मागच्याने बघावं, त्याला हॉर्न कशाला दिलाय?

दुसरं, लेन. म्हाताऱ्या लोकांच्या तोंडात अजून 'सहा नंबर'च आहे, पण कागदावर आता एनएच ५३ झालाय, चौपदरी झालाय, मधे डिव्हायडर आलाय आणि डिव्हायडरात कण्हेर लावलीय. ती कण्हेर कोणासाठी लावली? आपल्यासाठी. एप्रिल-मे महिन्यात ४४ डिग्रीत जळगावला जाणाऱ्याला सावली मिळावी म्हणून. तेव्हा एकदम उजवीकडे, कण्हेरीला खांदा लावून, ताशी ४२ ने चालायचं. कारवाल्यांना चौपदरीवर १०० ची परवानगी आहे, असेल बाबा, आपल्याला ८० ची आहे पण पन्नासच्या वर गेलं की ॲव्हरेज पडतं आणि पेट्रोलचे भाव तुम्हाला माहितीच आहेत. मागून कोणी डिपर मारला तर मारू द्या. फार वेळ मारत असेल तर नेत्याची गाडी आहे असं समजून एकदा मान वळवून बघा, आरसे नाहीत ना, आणि मान वळवली की गाडी पण थोडी तिकडेच वळते, त्याला घाबरायचं नाही.

हेल्मेट जरूर घ्या. मोठ्या साइजचं घ्या. त्यात किलोभर भरताची वांगी बरोबर बसतात. डोक्याला बागायतदार रुमाल आहेच, दोन वेढे मारले की ऊन लागत नाही, आणि डांबराला काय माहिती आत रुमाल आहे की काय आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोला माहेरी सोडायला जाताना एसटीच्या भानगडीत पडू नका. टाकीवर धाकटा, मधे मोठी, मागे बायको एका बाजूला पाय सोडून, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत सांजोऱ्या, आणि पदर चाकाच्या किती जवळ आहे ते बघायचं काम धाकट्याचं, तो नाहीतरी अमळनेर फाट्याच्या आतच टाकीवर डोकं टेकून झोपलेला असतो. कायद्यात बाइकवर दोनच माणसं आणि चार वर्षांच्या वरच्या पोरालाही हेल्मेट असं लिहिलंय. पण कायद्याला सासुरवाडी नसते.

मागचा लाल लाइट बंद असेल तर असू द्या. उसाच्या ट्रॉलीला कुठे असतो.

आता ओव्हरटेक. हा खरा मर्दाचा विषय. आपल्या गाडीचं इंजिन ९७ सीसी आणि थोडं वर, ताकद साधारण आठ घोडे. समोर कंटेनर ६० ने चाललाय. आपण कान पिळून, टाकीवर छाती टेकवून ६५ काढले. मी हिशेबनीस माणूस, घरी बसल्या बसल्या मांडून बघितलं. दोघांच्या वेगात फरक पाचचा, म्हणजे सेकंदाला दीड मीटरपण नाही. कंटेनर सोळा मीटर, त्याच्या मागे दहा आणि पुढे दहा मीटर जागा सोडली तर छत्तीस मीटर कापायचे. सव्वीस सेकंद लागतात. सव्वीस सेकंदात आपण जवळजवळ अर्धा किलोमीटर त्याच्या चाकांच्या बाजूने चालतो, आणि हा सगळा वेळ मागचा कारवाला आपल्या नंबर प्लेटला बंपर लावून आपल्या मातोश्रींची आठवण काढत असतो. आणि चढ लागला की? ६५ चे ५५ होतात. मग ना पुढे ना मागे. कंटेनरच्या बाजूला असताना वारा लागत नाही, गाडी कशी लोण्यासारखी चालते, आणि तोंडापाशी पोचलं की एकदम फटका बसतो, हँडल आपोआप उजवीकडे जातं. ते का जातं हे कोणत्याही शोरूमवाल्याने मला अकरा वर्षांत सांगितलं नाही, त्याला गोंडा बांधायची घाई असते. पण तुम्ही करा. आयुष्यात सव्वीस सेकंद म्हणजे काय.

ब्रेक जोरात मारायची हौस असेल तर मागचाच मारा, पुढचा मारला की गाडी पलटते असं माझ्या मामाने १९९८ साली सांगितलंय आणि मामा कधी चुकत नाहीत. २०१९ पासून १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस आलं, म्हणजे चाक लॉक होत नाही, आपल्या खालच्यांना सीबीएस, म्हणजे मागचा दाबला की पुढचा पण थोडा लागतो. माझी गाडी त्याच्या आधीची आहे. तिला मामा आहेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, राँग साइड.

डिव्हायडरमधला वळायचा कट लांब असतो. हे मी मान्य करतो. ज्याने कट ठरवले त्याने कधी पायाने रस्ता ओलांडला नसेल, गाव या बाजूला, शेत त्या बाजूला, आणि वळायचं तर दोन किलोमीटर पुढे जाऊन या. सर्व्हिस रोड कुठे आहे विचारू नका, जिथे आहे तिथे त्यावर ट्रक झोपलेले असतात. म्हणून आपण काय करायचं, सरळ उलट्या दिशेने निघायचं. डाव्या कडेने. म्हणजे आपल्या उजव्या. समोरून येणाऱ्याच्या डाव्या. हेडलाइट चालू ठेवायचा, नाहीतरी नव्या गाड्यांना तो बंदच होत नाही, म्हणजे समोरच्याला वाटतं की कोणीतरी हुकमाने येतंय. भुवई थोडी वर करायची, जणू चुकीच्या बाजूला तोच आहे. आणि ट्रक कडेला उभा असेल तर त्याच्या मागून सूं करत बाहेर निघायचं, हॉर्न न वाजवता, कारण हॉर्न वाजवला तर गंमत काय राहिली? तीन जण असाल तर फारच छान. मधल्याने दोन्ही हात मोकळे ठेवायचे, नंतर हातवारे करायला लागतात.

मंगळवारी पावणेनऊला पाळधीच्या अलीकडे मी डाव्या लेनमधून ५५ ने चाललो होतो. डाव्या लेनमधून. हेल्मेट डोक्यावर होतं, आरसे गाडीला होते. कडेला ट्रक उभा, त्याच्या मागे लिंबाची फांदी खोचलेली, पंक्चर असणार. आणि त्या ट्रकच्या तोंडाकडून एकाच गाडीवर राँग साइडने तीन महाराज बाहेर आले, समोर, चाळीस-पंचेचाळीसने तरी. म्हणजे माझे ५५ आणि त्यांचे ४५, शंभर झाले, सेकंदाला अठ्ठावीस मीटर. आमच्यात तीस मीटरपण नव्हते हो! काय विचार करणार माणूस एका सेकंदात? मी मागचा ब्रेक दाबला, मामांची कृपा, चाक लॉक झालं, कडेच्या वाळूवर गाडी घसरली आणि मी गाडीसकट आडवा. ते तिघं बाजूने निघून गेले, नखाला धक्का नाही. माझ्या गाडीच्या हुकला अडकवलेला डबा सुटून गडगडत लेनच्या मधोमध गेला आणि मागून येणारा कंटेनर त्याच्यावरून गेला. त्याने मला चुकवलं, डबा नाही चुकवला. तीन खणांचा स्टीलचा डबा, आता पापडाएवढा जाड आहे. आत कळण्याची भाकर आणि ठेचा होता.

आणि ते थांबले. थांबले हे खरं, पळाले नाहीत. मधला, हात मोकळे असलेला, उतरला, मला उचललं आणि म्हणतो, "काका, हायवेला जरा पाहून चालवत जा ना."

पाहून! कुठे चालले होते विचारलं तर म्हणे पेट्रोल टाकायला. पंप समोर दिसत होता, तीनशे मीटरवर. तीनशे मीटरसाठी! कट पुढे होता, दीड किलोमीटर, जाऊन येऊन पाच मिनिटं. २०१९ च्या दुरुस्तीत उलट्या दिशेने चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्या वेळेला हजार ते पाच हजार दंड, जेलपण होऊ शकते, मी हे सगळं त्यांना रस्त्यावर बसून रक्त पुसत ऐकवलं, तर चालवणारं पोरगं ओळखीचं निघालं, आमच्याच गल्लीच्या मागचं. ते खाली मान घालून हळूच म्हणतं, "पण काका, तुम्ही पण तर याच पंपावर इकडूनच येता."

येतो. दर शुक्रवारी येतो. अकरा वर्षं.

तेव्हा उपरोध पुरे झाला, आता ऐका, मीही ऐकतो. अरे, आपली गाडी ११२ किलोची आहे, समोरचा भरलेला कंटेनर चाळीस टनांचा. मोठ्या गाडीवाल्याची चूक झाली तर त्याच्याकडे चूक निस्तरायला ताकद असते, कान पिळला की तो पुढे निघून जातो, ब्रेक दाबला की थांबतो, आणि अंगाभोवती पत्रा असतो. आपल्याकडे आठ घोडे आणि एक रुमाल. समृद्धीवर आपल्याला घेत नाहीत म्हणून आपण नावं ठेवतो, पण इथे घेतात आणि टोलपण घेत नाहीत, तर इथे आपण काय दिवे लावतो? पोराला टाकीवर झोपवता, लाज नाही वाटत? हेल्मेटात वांगी आणता! लाल लाइटचा बल्ब चहा-भज्याच्या भावात येतो आणि तुम्ही सहा-सहा महिने अंधारात फिरता, मागचा ट्रकवाला बारा तास झोपला नाहीये हे माहिती असून. डावीकडे चाला. ताकद नाही तर ओव्हरटेक करू नका, कंटेनरच्या मागे राहा, दहा मिनिटं उशिरा पोचाल, कोणाची डाळ जळणार नाहीये. दोन्ही ब्रेक दाबायला शिका, रिकाम्या मैदानात जाऊन शिका, माझ्या मामाला विचारू नका. पेट्रोल जाताना ज्या बाजूला पंप लागतो तिथेच टाका, नाहीतर गावातून टाकून निघा.

आणि पोरा, तू वाचत असशील तर, गुडघा बरा आहे. घरी ये, काकू ओरडणार नाही. डबा दाखवायचाय तुला.