नायब राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने

आमचे मामा गोव्यात गव्हर्नरच्या हपिसात होते. कागदोपत्री सांगायचं तर गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या नायब राज्यपालांच्या सचिवालयात आवक-जावक कारकून. यातलं 'नायब' आणि 'आवक-जावक' मामांनी गाळलं आणि उरलेलं कुडाळात आयुष्यभर चालवलं. सचिवालय तेव्हा पणजीत मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात होतं. त्यामुळे मामा लखोट्यांवर तिकिटं चिकटवायचे, तीही राजवाड्यात बसून.

यंदा मामांची जन्मशताब्दी. घरच्यांनी स्मरणिका काढायची ठरवली आणि पहिल्या पानावर मामांचा एखादा अस्सल सरकारी कागद हवाच, असं मामेभावाच्या मनाने घेतलं. तो पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे. कागद असल्याशिवाय त्याचा स्वतःच्या जन्मावरही विश्वास बसत नाही. काम अर्थात माझ्याकडे आलं. "दादा, तुझी अख्खी नोकरी दफ्तरात गेली. तुला काय, फायली बांधलेला रुमाल सोडायचा आणि कागद काढायचा!"

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मी पस्तिशी गाठेपर्यंत दमा कमावला होता, हे खरं. पण लेकाच्या डोळ्यांसमोर चित्र असं की कुठेतरी एक लोखंडी कपाट असेल, त्यावर 'नायब राज्यपाल' अशी पाटी असेल आणि आत पंचवीस वर्षांचे साहेब ओळीने बांधून ठेवलेले असतील. खाली डाव्या कोपऱ्यात मामा.

पदाचं आयुष्य खरोखर पंचवीसच वर्षांचं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. आधी मेजर जनरल कँडेथ यांचा लष्करी कारभार, मग जून 1962 मध्ये टी. शिवशंकर हे पहिले नायब राज्यपाल. 30 मे 1987 ला गोवा घटक राज्य झालं आणि पदाला पूर्णविराम मिळाला. शेवटचे गोपाल सिंग नायब म्हणून झोपले आणि पूर्ण राज्यपाल म्हणून उठले. सुरुवातीला कारभार चालवायला बाहेरून डेप्युटेशनवर माणसं नेली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आमचे मामा. (सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून 1981 उजाडायचं होतं.) शिवशंकर, सचदेव, शर्मा, दामले, नकुल सेन एवढे साहेब त्यांनी पाहिले. "साहेब बदलतत, बारनिशी बदलना नाय," असं ते पान लावता लावता म्हणायचे. (बारनिशी म्हणजे आवक-जावकची नोंद.)

ज्या दफ्तरखान्यात गेलो त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला चहा पाजलेला आहे. दारातच पेन काढून घेतलं आणि शिसपेन्सिल दिली. अर्जात 'संशोधनाचा विषय' असा रकाना होता. तिथे 'मामा' लिहिणं बरं दिसेना, म्हणून 'नायब राज्यपाल कार्यालयातील टपाल हाताळणीची पद्धत, 1962 ते 1972' असं ठोकून दिलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला पंख्याखालची खुर्ची दिली. शेजारी खाणींच्या जुन्या सवलतींवर पीएच.डी. करणारी मुलगी होती. तिने आदराने विचारलं, "सर, तुमचे गाइड कोण?"

"मामी," म्हटलं.

पहिल्याच तासात कळलं की नायब राज्यपालांचं दफ्तर असं काही एका जागी नसतंच. केंद्रशासित प्रदेशात पान हललं तरी ते त्यांच्या नावाने हलतं, पण हललेलं पान राहतं ज्या त्या खात्याकडे. शाळामास्तर नेमला तर कागद शिक्षण खात्यात, पूल बांधला तर बांधकामात, भानगड झाली तर गृह खात्यात आणि मोठी भानगड झाली तर दिल्लीत. विधानसभेने विधेयक मंजूर केलं की साहेबांनी संमती द्यायची, नाकारायची किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं, म्हणजे ते कागदही पुन्हा दिल्लीलाच. सगळं वजा जाता साहेबांचं म्हणून जे उरतं त्यात पाहुण्यांच्या याद्या, दौऱ्यांचे कार्यक्रम आणि जेवणाच्या टेबलावर कोण कोणाशेजारी बसेल याचे नकाशे. घरजावयाच्या सातबाऱ्यासारखंच हे, मान सगळीकडे आणि नावावर काही नाही.

म्हणून राजपत्रं मागवली. पोर्तुगीजांनी 1837 पासून 'बोलेतिम ओफिसियाल' चालवलं होतं, त्याचीच गादी आपल्या राजपत्राने पुढे चालवली. दर गुरुवारी अंक. माथ्यावर इंग्रजी तारीख आणि शेजारी कंसात शके: 19 जानेवारी 1967, (पौष 29, 1888). कागद बिस्किटाच्या रंगाचा, पान उलटलं की कडेचा चुरा मांडीवर पडायचा. खाली प्रत्येक हुकमाला तीच आरती: नायब राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. अमक्याची बदली, आदेशानुसार व नावाने. तमक्याची रजा, आदेशानुसार व नावाने. कोमुनिदादची, म्हणजे गावकीची, जमीन, खाणीचा पट्टा, पशुवैद्यकाची वेतनवाढ, सगळं नावाने. सही मात्र कुठल्यातरी अवर सचिवाची. संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली की साहेबांना यातलं निम्मं माहीतही नसणार. उरलेल्या निम्म्याची मला तरी खात्री देता येत नाही.

मग दामलेसाहेबांचा काळ धरला, कारण मामांचा सगळा पराक्रम तिथलाच. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, याचा जनमत कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून डिसेंबर 1966 मध्ये मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि कारभार थेट नायब राज्यपालांच्या हातात आला. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना 1,72,191 मतं आणि फुलाला 1,38,170. 34,021 मतांनी विलीनीकरण बुडालं. मामा कट्टर फूलवाले. निकालाचा दिल्लीचा लखोटा आपणच बंद केला, असं ते शपथेवर सांगायचे. "डिंक लावताना हात वळेना रे माझा!" डिंक काही राजपत्रात येत नाही. ते चार महिने फायली मात्र बाळसं धरलेल्या होत्या. मंत्रीच नाहीत म्हटल्यावर प्रत्येक कागद वरपर्यंत चढणारच.

मामा कुठेच नव्हते. आणि मला, अख्खी हयात कागदांचं निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून रद्दीला काढण्याचं काम, केलेल्या माणसाला, त्याचं कारणही ठाऊक होतं. आमच्याकडे 'अ' वर्गाचा कागद कायम, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा आणि 'ड' एक वर्ष. वर्ग साहेबाकडे बघून ठरत नाही असं नियम म्हणतो. तरी मेजवानीचा बैठकनकाशा साठ वर्षं टिकतो आणि त्या मेजवानीची निमंत्रणं ज्याने पाठवली त्याची हजेरी 'ड' वर्गात रद्दीला जाते. असे किती मामा मी स्वतः तोलून रद्दीवाल्याला दिले असतील!

शेवटी 'संकीर्ण' मागवलं. कुठल्याही दफ्तरात हाच रुमाल सगळ्यांत जाड असतो आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. त्यात उंदरांच्या बंदोबस्ताबद्दलचा खलिता निघाला, घड्याळाला किल्ली कोणी द्यायची यावरचा दोन शाखांचा वाद निघाला, आणि त्याखाली पातळ कागदावरची कार्बन प्रत. जांभळी अक्षरं, 'ओ'च्या जागी टाइपरायटरने पाडलेली भोकं. आवक-जावक शाखेचं पितळी कुलूप किल्लीसह गहाळ केल्याबद्दल श्री. अमुक यांच्या, म्हणजे आमच्या मामांच्या, वेतनातून रुपये 7.50 तीन समान हप्त्यांत वसूल करण्यात यावेत. खाली: नायब राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने.

मी इतक्या मोठ्याने हसलो की खाणवाल्या मुलीची पेन्सिल मोडली.

हे छापायचं कसं, म्हणून मामेभाऊ गार पडला. मी नक्कल मामींच्या हातात दिली. त्यांनी चश्मा लावला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि दोघांकडे असं बघितलं की जणू आजवर शंका घेणारे आम्हीच. "मगे? माका ठाऊक होता. गव्हर्नर तेंका नावान वळखी होतो." पहिल्या पानावर हाच कागद जाणार, आणि पूर्ण जाणार, असा त्यांचा आदेश निघाला.

मामेभाऊ वेगळ्याच विवंचनेत आहे. प्रतीच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने 'दोन हप्ते वसूल' असं लिहिलंय. त्यापुढे काहीच नाही. अडीच रुपये वडिलांच्या नावावर थकीत दिसतात, शताब्दीच्या आत भरून मोकळं व्हावं म्हणतो. पण घेणेकऱ्याचं पदच 1987 मध्ये रद्द झालेलं. रक्कम आता गोव्याने घ्यायची, दमणने की दीवने, अशी विचारणा करणारा अर्ज त्याने मला लिहायला सांगितला आहे.