घरबसल्या शांत सुट्टी : किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी काही सूचना

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला. शनिवारपासून सलग सुट्टी, हवेत गारवा, कलमांना मोहोर, डब्यात पोह्याचे पापड आणि भाच्याने पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलेले सिनेमे. दापोली तालुक्यातल्या मुरुडला, स्वतःच्या घरात पाय पसरून बसायला याहून काय लागतं, असं तुम्हाला वाटत असेल तर पुढच्या सूचना नीट वाचा. फुकट आहेत.

आपलं घर समुद्राजवळ आहे हे कुणाला सांगू नका. आधीच सांगून बसला असाल तर विकलं म्हणून कळवा.

मुंबई-गोवा महामार्गाला नावं ठेवू नका. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चालू आहे. तो पुरा होईपर्यंतच काय ती आपल्याला थोडी उसंत.

सिनेमा शेवट माहीत असलेलाच लावा. वीज कधी जाईल हे वीज देणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. खुन्याचं नाव कळणार एवढ्यात काळोख झाला की उरलेली सुट्टी घरातल्या प्रत्येकाचा अंदाज ऐकण्यात जाते. आमच्या आईचा अजून माळ्यावर संशय आहे.

झोपाळ्यावर बसायची हौस असेल तर झोपाळा मागच्या पडवीत टांगा. पुढच्या पडवीत बसलेला माणूस म्हणजे होमस्टेचा मालक, असा मुंबई-पुण्याकडे पक्का समज आहे. "काका, रूम कितीला?" "रूम नाहीत हो, राहतं घर आहे." "बरं, मग अख्खं घर कितीला?" ज्यांना रूम नको त्यांना संडास हवा असतो. ज्यांना तोही नको त्यांना जंजिरा हवा असतो. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, हे रत्नागिरीतलं, असं सांगितलं की ते एकदा फोनकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि फोनवर विश्वास ठेवून पुढे निघतात. जाऊ द्या. हर्णैला सुवर्णदुर्ग आहे, तोही समुद्रातच आहे. फोटो काढून होतील खूश.

सुरमई तळू नका. वास फाटकापर्यंत जातो.

जानेवारीत आंबा मागणाऱ्याला मोहोर दाखवा आणि आत जा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. "इकडेच आलोय, पाच मिनिटं टेकून जातो" असा फोन आला की आपण सुतकात आहोत असं सांगा. मनुष्य कुणी मेलेला नसला तरी चालेल. आम्ही "या की" म्हणालो. रविवारी सकाळी दोन गाड्या दारात. त्या दिवशी रथसप्तमी. आईने तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलेलं, सूर्याकडे तोंड करून ते उतू जायची वाट बघत बसलेली. साय वर चढली, फुगली, काठाशी आली, आणि एवढ्यात पाहुण्यांच्या वहिनी "अगंबाई, दूध!" म्हणून धावल्या, ओढणीने धरून बोळकं खाली. वर म्हणतात, "काकू, तुमचं लक्ष कुठे असतं?" आई काही बोलली नाही. आई काही बोलत नाही तेव्हा आम्ही सगळे घाबरतो.

पाच मिनिटं टेकायला आलेली माणसं जेवून उठली. जेवतानाच मी सांगितलं होतं, किनाऱ्यावर जा, पण गाडी वर सुरूंच्या बनातच ठेवा. भरतीचा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरालाही येतो : तिथीला पाऊणने गुणायचं. सप्तमी, म्हणजे सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचला पूर्ण भरती. त्यावर पाहुणे हसून म्हणाले, "आपली फोर बाय फोर आहे." मी सिनेमा लावला. पाटी संपतेय न संपतेय तोच फोन. फोर बाय फोरची चारही चाकं वाळूत, पाणी दारापर्यंत, आणि हे आत बसून एक्सलेटर दाबतायत, म्हणजे गाडी आणखी खाली. ट्रॅक्टरवाल्याला मी झोपेतून उठवला. सुट्टी त्यालाही होती. दोर लावला, तुटला, पुन्हा लावला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बिचाऱ्याने गाडी ओढून काढली आणि दोन हजार मागितले. तर पाहुणे मला बाजूला घेऊन म्हणतात, "लुटतात हो तुमच्याकडे!"

लुटतात?

गाडी कुणी घातली वाळूत? रस्ता संपतो तिथेच फलक आहे, मराठीत, हाताएवढ्या अक्षरांत, वाहनांना बंदी म्हणून. त्याला टेकून फोटो काढलात ना तुम्ही? नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर कासविणी अंडी घालायला येतात. शंभरेक अंडी, दीडेक फूट वाळूखाली, वरून काहीही दिसत नाही. गावातली पोरं पहाटे उठून माग काढत फिरतात, घरटी हलवून कुंपणात ठेवतात, पन्नासेक दिवस राखण करतात. आणि तुम्ही त्याच वाळूत रील काढायला गोल गोल गाडी फिरवता. वर रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर. दहानंतर बंद करायचा कायदा तुमच्या सोसायटीत बरोबर आठवतो, तिथे पोलीस बोलावता. इथे आठवत नाही?

"तुमची काय मजा, रोजच सुट्टी," हे वाक्य पुन्हा माझ्या घरात उच्चारू नका. फवारणी आम्ही करतो, वानरं आम्ही हाकलतो, निसर्ग वादळाने २०२० साली वाड्या झोपवल्या त्या आम्ही पुन्हा उभ्या करतोय. आम्हालाही एखादा दिवस टीव्हीपुढे लोळायचं असतं. यायचं असेल तर आधी विचारा. हो म्हटलं तर या, नाही म्हटलं तर रुसू नका. गाडी रस्त्यावर ठेवा, बाटल्या परत न्या. आणि मे महिन्यात "घरचीच म्हणून" पेटी मागाल, तेव्हा तिचे पैसे द्या. गेल्या वर्षीचे अजून यायचेत.