म्हैसमाळची पट्टी

मराठवाड्याचे महाबळेश्वर अशी ज्याची ओळख करून दिली जाते, त्या म्हैसमाळला एप्रिलअखेरीस राहण्यासाठी आम्ही फेब्रुवारी २०२० मध्ये एक बंगला ठरवला, ८,००० रुपये अनामत मोजली, आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. या प्रकरणाची पूर्वपीठिका एवढीच आहे. बंगल्याचे मालक परभणीच्या मोंढ्यात शेतकऱ्यांचा माल विकून देणारे आडते असल्यामुळे अनामतीची पावतीही मला आडतीच्या छापील पट्टीवरच, म्हणजे शेतकऱ्याला विकलेल्या मालाचा हिशेब देतात त्या कागदावरच, मिळाली होती. तीत मालाच्या रकान्यात ‘म्हैसमाळ बंगला’, पोत्यांच्या रकान्यात ‘१’ आणि वजनाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

टाळेबंदीच्या काळात मालक फोनवर फार प्रेमाने बोलत. ‘सर, आधी जीव सांभाळा, पैशाचं काय घेऊन बसलात,’ हे वाक्य ज्याच्याकडे आपले पैसे आहेत त्याच्या तोंडून ऐकताना माणसाला कसे वाटते, ते मी येथे लिहीत नाही. दरम्यान रेल्वेने रद्द झालेल्या गाडीचे पूर्ण पैसे आम्ही न मागता खात्यात जमा केले. सरकारी खाते परत करते आणि ओळखीचा माणूस करत नाही, हा अनुभव माझ्या आजवरच्या सर्व मतांच्या विरुद्ध जाणारा असल्यामुळे अधिकच झोंबला.

ऑक्टोबरात मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली, म्हणजेच मालकांच्या गल्ल्यात रोकड असण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा मी आडतीवर गेलो. मालक मास्क हनुवटीखाली घेऊन गादीवर लोडाला टेकले होते आणि समोरच्या बाकावर एक वृद्ध शेतकरी, नाकातोंडाला उपरणे गुंडाळून, आपल्या पट्टीचे पैसे मिळण्याची वाट पाहत बसले होते. ज्या दिवशी माप त्या दिवशी पैसे, असा बाजार समितीचा नियम आहे. बाबांच्या मालाचे माप केव्हाच झाले होते आणि नियम भिंतीवरच्या फलकावर होता.

मी विषय काढताच मालक म्हणाले, “सर, बंगला कुठं गेला होता? तो तिथंच होता की. तुम्ही आला नाहीत.”

जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस उभे असताना मी कसा येणार होतो, असे विचारून मी भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५६ काढले. करार पार पाडणे अशक्य झाले की तो रद्द ठरतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो, हे मी घरी आरशासमोर म्हणून पाहिले होते व तेथे ते फार परिणामकारक वाटले होते. मालकांनी ते पंख्याचा आवाज ऐकावा तसे ऐकले. उत्तर दिले ते बाबांनी.

“सर, माझं बियाणं उगवलं नाही जूनमध्ये. कंपनीनं पैसे दिले का?”

मी म्हणालो, “नाही दिले.”

“दुबार पेरलं. काढणीला आलं तर पावसानं शेंगेला कोंब फुटले. पावसानं पैसे दिले का?”

“नाही.”

“मग तुम्ही जिथं गेलाच नाहीत तिथले पैसे कामून मागायलेत?”

या युक्तिवादातली फट मला स्पष्ट दिसत होती. पण ती दाखवायची तर आधी त्यांच्या शेतातून जावे लागले असते, आणि तेवढे धैर्य पगारी माणसाकडे नसते. शिवाय बाबा मालकांची बाजू इतक्या तळमळीने का घेत आहेत, हेही आता लक्षात आले. गल्ल्यात जे काही होते ते माझ्याकडे गेले असते तर त्यांच्या वाट्याला पुन्हा उद्याचा वायदा आला असता.

मी मोर्चा वळवला. सर्वोच्च न्यायालयाच्या ताज्या आदेशानुसार विमान कंपन्या पैसे अडकवून ठेवतील तर त्यांवर आता महिन्याला पाऊण टक्का द्यावा लागतो, असे मी सांगितले. बाबांनी उपरणे प्रथमच नाकाखाली घेतले.

“शेकडा पाऊण? आन ते विमानवाला देणार?”

“हो.”

“आमी शेठला शेकडा दोननं देतो,” असे म्हणून ते इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि २०२० साली कोणी खोकले की जे होते ते झाले: मालक, मुनीम आणि मी तिघेही आपापल्या भिंतीकडे सरकलो. शेठजी एकटेच हसले नाहीत.

तेथून प्रकरण झपाट्याने निकालात निघाले. मालकांनी पावती मागून घेतली आणि सवयीने रकाने भरायला सुरुवात केली. हमाली, तोलाई, आडत. बंद बंगल्याला हमाली कसली, असे विचारल्यावर ‘गाद्या उन्हात टाकल्या ना’ असे उत्तर आले. सर्व वजा जाता राहिलेले ६,२०० रुपये त्यांनी मोजले, बोटाला थुंकी लावून, साथ असतानाही, आणि ती गड्डी माझ्या डोळ्यांदेखत बाबांच्या हातावर ठेवली.

“बाबा, हे सरांचे आहेत बरं. सर तुमची अडचण समजून घ्यायलेत. सरांचं आपण दिवाळीनंतर बघू, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात बंगला आहेच. दराचा फरक तेवढा आणा.”

बाबांनी मला हात जोडले. त्या क्षणी ‘थांबा’ म्हणणारा मनुष्य परभणी जिल्ह्यात तरी जन्माला आलेला नसावा, आणि हे मालकांना पक्के ठाऊक होते, याचाच मला अजून राग आहे. दानशूर व्हायला माझी हरकत नाही. ते कोणाच्या हस्ते व्हायचे, एवढे तरी मला विचारायला हवे होते. बाबांचा हिशेब त्या रकमेत पुरा झाला नव्हता हे मला नंतर कळले, म्हणजे माझ्या दानाने शेठजींचे अर्धे देणे तेवढे फिटले.

घरी येऊन मी नोंदणीकृत टपालाने मालकांना लेखी कळवले की फरक देणार नाही, हमाली मान्य नाही आणि पूर्ण ८,००० रुपये हवेत. पोचपावती चारच दिवसांनी परत आली. तिच्यावर थरथरत्या अक्षरात अनोळखी सही आहे आणि तिच्याखाली, मुनीमाच्या हस्ताक्षरात, कंसात लिहिले आहे: (पट्टीसाठी बसलेले).